चुलीमागची भिंत

पाटलांच्या घरात चुलीमागच्या भिंतीवर मला एका सकाळी अकरा डास सापडले, आणि त्या अकरा डासांच्या जोरावर मी एका माणसाची नोकरी घालवायला निघालो.

हे पंचावन्न-छप्पन सालच्या सुमाराचं. मी पुण्याला प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो होतो आणि हिवतापाच्या खात्यात निरीक्षक म्हणून नुकताच लागलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. वडील चाकणच्या बाजारातून कांदा-बटाट्याच्या बैलगाड्या तळेगावच्या स्टेशनापर्यंत हाकायचे. खेडच्या शाळेतल्या हेडमास्तरांनी मला पाच वर्षं स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, त्यांच्या मुलांच्या पंगतीत जेवू घातलं, म्हणून मी मॅट्रिक झालो. पुढंही कुणी ना कुणी हात देत गेलं. इतक्या लोकांचे उपकार घेऊन जो नोकरीला लागतो, त्याला सतत एक धास्ती असते: आपण या खुर्चीला लायक आहोत ना? आपल्या हातून काही निसटत तर नाही? धास्तावलेला माणूस फार लवकर संशय घेतो, हे मला त्या वेळी उमगलं नव्हतं. मी त्याला कर्तव्यदक्षता समजत होतो.

काम सोपं होतं. फवारणीची टोळी गावात जायची, पावडर पाण्यात कालवून पंपानं घराच्या भिंतींवर मारायची. हिवतापाचा डास माणसाचं किंवा जनावराचं रक्त पितो आणि जड झालेलं अंग घेऊन जवळच्या भिंतीवर जाऊन बसतो. तिथं पावडर असली की तो मरतो. पाणी वाळलं की भिंतीवर पांढुरकी झाक राहते, आणि ती झाक दोन-अडीच महिने काम करते. टोळी जाऊन पंधरा-वीस दिवस झाले की माझी फेरी. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात तोंडानं ओढायची काचेची नळी. उजाडल्यावर घराघरात शिरायचं, भिंती न्याहाळायच्या, डास दिसला की अलगद नळीत ओढून घ्यायचा. डास सापडला म्हणजे फवारणीत कुठंतरी पाणी मुरतंय.

पुण्याच्या कचेरीतले आमचे डॉक्टरसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "या कामात माणसांचं ऐकायचं नाही. टोळी म्हणेल फवारलं, घरवाला म्हणेल नाही फवारलं. दोघांचीही काही कारणं असतात. तुम्ही भिंत बघायची." मी ते वहीत लिहून ठेवलं. भिंत मी बघितली. पण ऐकलं मात्र माणसांचं, आणि तेही निवडक माणसांचं.

गाव मोशीच्या पुढं, इंद्रायणीच्या काठाला. नाव सांगत नाही. तिथली घरं अजून आहेत. नदीला डबकी, मळ्यांना पाट, त्यामुळे भाद्रपद लागला की घरटी एक-दोन माणसं गोधड्यांखाली कुडकुडत पडलेली असायची. लहान पोरांच्या पोटाला हात लावला की डाव्या बाजूला तापानं वाढलेली पानथरी लागायची, कडक, खडा असावा तशी. पण गावाला तापापेक्षा आमचीच भीती जास्त होती. पिंपरीला औषधाचा मोठा सरकारी कारखाना नुकताच उभा राहिला होता, आणि कारखान्यांना अजून जमिनी लागणार अशी आवई उठली होती. फवारणी झाली की टोळी दारावर गेरूनं नंबर आणि तारीख टाकायची. लोक म्हणत, आज नंबर, उद्या मोजणी, परवा नोटीस. काही घरांनी तो नंबर ओल्या फडक्यानं पुसून टाकला होता. दोन मांजरं मेली होती, तीही आमच्या नावावर.

पारावर बसलेले एक म्हातारबाबा मला रोज अडवायचे.

"मास्तर, कितवीपतूर शिकला म्हनायचं तुमी?"

"बी. एस्सी. झालोय, बाबा."

"आन् डास मोजता?"

"होय."

"मंग एम. ए. वाले काय मोजत्यात? पिसवा?"

पार हसायचा. मग दुसरा कुणी म्हणायचा, "पहिल्या साली तुमच्या औषदानं ढेकूण मेले राव, ते खरं. पन औंदाचे ढेकूण औषद पिऊन तालमीत गेल्यासारखे झाल्यात. पावडरीत भेसळ हाय तुमच्या."

भेसळ हा शब्द मी घरी घेऊन गेलो. पिंपरीला मी एक खोली घेऊन राहत होतो. तिथं स्टोव्हवर चहा करताना तो शब्द डोक्यात फिरत राहिला.

आमच्या टोळीचा मुकादम त्याच गावचा, पण गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. टोळीतली बाकीची माणसंही आसपासच्या अशाच वस्त्यांमधली होती. खांद्यावर पंप, अंगावर दिवसभर उडणारं पावडरीचं पाणी. असल्या कामाला दुसरं कुणी येत नसे. मुकादम चाळिशीपुढचा होता. लढाईत पलटणीबरोबर ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आला होता आणि ही फवारणी तिथंच शिकला होता. वाचायला-लिहायलाही तिथंच शिकला. त्याचं काम बघण्यासारखं होतं. बादलीतली पावडर तो स्वतः ढवळायचा, खाली साका राहू द्यायचा नाही. भिंतीपासून नळीचं अंतर हातभरापेक्षा थोडं जास्त, ना कमी ना जास्त. वरून खाली एक पट्टा, मग खालून वर दुसरा, पहिल्याच्या कडेला चिकटून. टोळीतला कुणी घाई करायला लागला की म्हणायचा, "गड्या, भिंत सारवायची न्हाई, भिजवायची हाय." चार हंगाम रोजंदारीवर काढल्यानंतर त्या वर्षी त्याला कायम करायचा कागद पुण्याच्या टेबलावर गेला होता. माझा अहवाल चांगला गेला की सही होणार होती. वाईट गेला तर नाव हजेरीतून कटणार होतं, आणि खात्यातून चोरीवरून निघालेल्या माणसाला पुन्हा कुठल्याही सरकारी दारात उभं राहता येत नसे. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

तर त्या सकाळी पाटलांच्या घरात मी शिरलो. गोठ्यात सगळ्यात जास्त डास असायला हवेत, तिथं एकही नव्हता. भिंतींवर पांढरी झाक स्वच्छ दिसत होती. सोपाही तसाच. मग आत गेलो. चुलीमागची भिंत तपकिरी, गुळगुळीत, झाक कुठंच नाही, आणि तिच्यावर डोकं खाली, बूड वर करून बसलेले डास. नळी तोंडात धरून ओढताना मला शरम वाटावी इतका आनंद झाला होता. चोर सापडला.

त्या दिवशी आठ घरं पाहिली. सगळीकडं तेच. बाहेरच्या भिंती फवारलेल्या, आतल्या कोऱ्या. मी अर्थ लावला: टोळी आत गेलीच नाही, वरवर काम उरकलं आणि पावडर वाचवली. मी पाटलांना विचारलं.

"आत?" पाटील म्हणाले. "आत कुनी आलंच न्हाई. भायेरच्या भायेर पिचकाऱ्या मारल्या आन् गेले."

"नक्की?"

"आमी खोटं बोलतो व्हय, मास्तर? का लिवून देऊ?"

त्यांनी लिहून दिलं. शेजारच्या पाच घरांनीही पाटलांकडं बघत बघत अंगठे दिले. आतल्या दाराआडून एक बाई काहीतरी बोलायला लागली होती. पाटलांनी खाकरलं आणि ती गप्प झाली. मला वाटलं, ती लाजली.

मग मी वस्तीत गेलो. तिथली घरं बारकी, एका खोलीत सगळा संसार. भिंती मात्र झाडून पांढऱ्या, चुलीमागंसुद्धा. तासभर बॅटरी फिरवली, एक डास मिळाला नाही. निरोगी डोक्याला यातून एकच गोष्ट दिसली असती, की हा माणूस फवारणी उत्तम करतो. माझ्या डोक्याला दिसलं ते असं, की गावातल्या घरांची पावडर यानं आपल्या लोकांच्या घरांवर ओतली. वस्तीच्या मागं मुकादमाच्या मेव्हण्यानं चार वाफे वांगी केली होती. त्या पानांवर पांढरं काहीतरी भुरभुरलेलं होतं. झालं, तेही मी लिहून घेतलं. ज्याला संशय घ्यायचा असतो त्याला पुरावा कमी पडत नाही. तो वांग्यांवरही उगवतो.

पंप आम्ही शाळेच्या पडवीत ठेवत असू. संध्याकाळी टोळी पंप धुऊन ठेवत होती, तेव्हा मी मुकादमाला सगळ्यांसमोर विचारलं. एकट्याला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. ते मला सुचलं नाही, किंवा सुचूनही मी तसं केलं नाही.

"मुकादम, गावातल्या घरांत आत फवारलं होतं का?"

"व्हय साहेब. चुलीपतूर. देव्हाऱ्याच्या मागंबी."

"घरवाले नाही म्हणतात."

"म्हनू द्या."

"सहा जणांनी लिहून दिलंय. पाटलांनीसुद्धा."

टोळीतला एक जण फसकन हसला. मुकादमानं नुसतं त्याच्याकडं पाहिलं, आणि तो खाली मान घालून पंप पुसायला लागला.

"सहा माणसं उगाच खोटं कशाला बोलतील?" मी म्हणालो.

मुकादमानं पंपाची नळी हातात घेतली. मग म्हणाला, "साहेब, गेल्या आठवड्यात तुमच्या गावच्या घरीबी आमीच फवारलंय. तिथली भिंत बघा की एकदा."

माझ्या अंगाची आग झाली. मला वाटलं, साहेबाच्या घरी मन लावून फवारलं आणि आता हा त्याची आठवण करून देतोय. "माझ्या घराचा इथं काय संबंध?" मी ओरडलोच. "पुण्याला निरोप आजच जाईल, सोमवारी माझा रिपोर्ट. तोवर तुम्ही टोळीबरोबर यायचं नाही."

त्यानं खाकी टोपी काढली, घडी घालून खिशात ठेवली. हातातली नळी पुसून माझ्याकडं दिली.

"ही रोज धुवायला सांगा," तो म्हणाला. "न्हाईतर तोंड बुजतं."

रविवारी मी सायकलवर घरी गेलो. आमचं गाव चाकणच्या अलीकडं. भिंत बघायला गेलो असं म्हणणार नाही. दर रविवारी जातच असे. पण बॅटरी पिशवीत होती. सवयीनं ठेवली असं मी स्वतःला सांगितलं.

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी आत गेलो आणि चुलीमागं उजेड टाकला. भिंत तपकिरी, गुळगुळीत. ओल्या मातीचा वास अजून पुरता गेला नव्हता. कोपऱ्यात, देव्हाऱ्याच्या वर, दोन डास बसलेले होते.

"आई, इथं फवारलं होतं ना?"

"व्हय की. समदीकडं. पार देव्हाऱ्यापतूर शिरली हुती माणसं. तुझं नाव सांगितलं, मंग मी काय बोलनार?"

"मग पांढरं कुठं गेलं?"

"पोतारलं."

पोतारणं म्हणजे माती पाण्यात कालवून फडक्यानं भिंतीला हात देणं. आमच्याकडं सणासुदीला करतात. सण जवळपास नव्हता.

"कधी?"

"दुसऱ्या दिशीच," आई म्हणाली. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "आत आलेली माणसं कोन हुती ते तुला ठावं न्हाई व्हय? देवाला नळी लागली त्यांची. तसंच ठिवू का घर?"

मी बॅटरी विझवली. तिला वाटलं मी रागावलो, म्हणून ती समजुतीनं म्हणाली, "माणूस चांगला हुता रं तो मुकादम. लई नीट काम. गाडगी-मडगी आधी झाकाया लावली मला. मी पानीबी दिलं त्याला."

"कशात?"

"वंजळीत. वरनं."

मी भिंतीला नख लावलं. मातीचा पातळ पापुद्रा सुटून हातावर आला. त्याच्याखाली पांढरी झाक होती. एकसारखी, पट्ट्याला पट्टा चिकटून, कुठंही ओघळ नाही. तो हात मी ओळखला.

माझी थोरली बहीण याच भिंतीला टेकून गेली. मी सहा वर्षांचा होतो. घरातल्या सगळ्या वाकळा तिच्या अंगावर टाकल्या तरी दात वाजत होते, आणि तिसऱ्या दिवशी वाजायचे थांबले. हिवतापाचं खातं मी का निवडलं, ते आईला माहीत होतं. डास, रक्त, भिंत, सगळं मी तिला चुलीपुढं बसून समजावून सांगितलेलं होतं.

"आई, ताईला ताप कशानं आला ते सांगितलं होतं ना मी तुला?"

"सांगितलं हुतंस."

"मग?"

"मंग काय? डास येगळा, देव येगळा," ती म्हणाली, आणि भाकरी पाटीत टाकली. "बस. गार हुईल."

मी बसलो आणि जेवलो. हेही सांगायलाच हवं. पोटभर जेवलो. हात धुवायला परसात गेलो तर आईच्या चार वांग्यांवर पांढरं भुरभुरलेलं होतं. चुलीतली राख. मावा पडू नये म्हणून आमच्याकडं वर्षानुवर्षं टाकत आलेले आहेत. लहानपणी ते काम माझंच होतं. बी. एस्सी. झालेला माणूस मुकादमाच्या मेव्हण्याच्या वाफ्यात उभा राहून ती राख ओळखू शकला नव्हता.

सोमवारी पुण्याला जायच्या आधी मी तडक त्या गावात गेलो. पाटील सोप्यात सुपारी कातरत बसले होते. मी म्हणालो, "मला तुमच्या चुलीमागची भिंत थोडी खरवडायची आहे."

"का?"

"खाली काय आहे ते बघायचंय."

पाटलांचा अडकित्ता थांबला. दाराआडून, त्या दिवशी गप्प बसलेली बाई, पाटलांची बायको, आता स्पष्ट बोलली. "म्या तवाच म्हनलं हुतं, सांगून टाका म्हनून. सरकारचा माणूस हाय, हुडकून काढल."

आत जाऊन खुरप्याच्या टोकानं मी टिचभर जागा खरवडली. वर माती, खाली पांढरं. पाटील मागं उभे होते.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्याचा आता कायदा झालाय म्हनत्यात. फौजदार येतो का ह्यात?"

"मी पोलिसांचा माणूस नाही."

"मंग कागदावर काय लिवनार?"

"तुम्ही जबाब मागं घ्या. फवारणी आत झाली होती असं लिहून द्या."

"देतो. पन का पोतारलं ते लिवू नका." मग ते पुढं म्हणाले, "आन् एक सांगू का? त्यो पलटणीतनं आल्यापासून मान वर करून बोलतो. तशात सरकारनं टोपी दिली. आपल्याच गावचा गडी, आपल्या चुलीपतूर जोडा घालून आला. बायका रडाया लागल्या हुत्या. तुमच्या घरात चालंल का?"

त्यांना माझं घर माहीत नव्हतं. सहज विचारलं होतं. मला मात्र त्या प्रश्नाचं उत्तर कालच मिळालेलं होतं, म्हणून मी खाली बघितलं आणि म्हणालो, "कारण लिहीत नाही." किती पटकन कबूल झालो, ते अजून आठवतं.

उरलेल्या सात घरांतही खरवडल्यावर मातीखाली पांढरंच निघालं. त्या दुपारी पुण्याला डॉक्टरसाहेबांनी माझा नवा कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"शनिवारी तुमचा निरोप आला की आत फवारलंच नाही. आता म्हणता फवारलं. मधे रविवार गेला. मुकादम भेटून गेला का तुम्हाला?"

"नाही साहेब."

"त्याच्या घरचं कुणी?"

"नाही."

"मग पाटलांनी जबाब का फिरवला?"

संशय कसा लागतो ते तेव्हा मला अंगावर कळलं. खरं बोलत असताना घाम फुटला होता. मी खिशातून दोन पुड्या काढल्या आणि टेबलावर सोडल्या. दोन्हींत मातीचे पापुद्रे, एका बाजूनं तपकिरी, दुसऱ्या बाजूनं पांढरे. त्यांनी भिंग घेऊन पाहिलं, वास घेतला.

"हा पाटलांच्या घरचा. आणि हा दुसरा?"

"माझ्या आईच्या स्वयंपाकघरातला."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. कागद पुन्हा वाचला. पोतारलेल्या घरांच्या यादीत मी पहिलं नाव आमच्या घराचं घातलं होतं. त्याच्यापुढं कारणाच्या रकान्यात, सगळ्या नऊ घरांना मिळून, लिहिलं होतं: रिवाजाप्रमाणे सारवण.

"कसला रिवाज? सण कुठं होता?"

मी सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"आपलं खातं डासांचं आहे," ते म्हणाले, आणि सही केली. लगोलग मुकादमाला कायम करायच्या कागदावरही सही झाली. मला हायसं वाटलं. आपण चूक दुरुस्त केली असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत मी टोळीसमोरच मुकादमाला पंपाची नळी परत दिली. सगळ्यांसमोर काढून घेतली होती, सगळ्यांसमोर दिली. तेवढं तरी मला जमलं. त्यानं आधी तिच्या तोंडात फुंकर मारून बघितली. मग मी अहवालाची नक्कल त्याच्या हातात दिली. त्यानं उभ्या उभ्या वाचली. बोट एका जागी थांबलं.

"रिवाज," तो म्हणाला. "बरा शब्द सापडला, साहेब."

मला वर बघवेना. मी म्हणालो, "वांग्यांवरची राखसुद्धा मी पावडर समजलो होतो."

"काय सांगता!" तो म्हणाला आणि टोळीकडं वळला. "ऐका रं. दाजीच्या वांग्यापायी नोकरी जात हुती माझी!" टोळी हसली. परवा ज्याला त्यानं डोळ्यांनी गप्प केलं होतं तो सगळ्यात मोठ्यानं हसला. त्या हसण्याचा आधार घेऊन मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं तर आधीच का नाही सांगितलं?"

त्याचं हसू गेलं.

"काय सांगू? आमची पाठ फिरली की बाया भिंती धुत्यात, हे मी माझ्या तोंडानं सांगू? ह्या पाच जनांपुढं? ह्यांना काय ठावं न्हाई व्हय? रोज परतीच्या वाटंला ह्यांच्या डोळ्यांदेखत मातीची पाटी भरली जाती." मग जरा खालच्या आवाजात, "आन् तुमाला कसं सांगू? तुमच्याच आईचं?"

मी माफी मागितली की नाही, आठवत नाही. मागितली असेल तर फार पुटपुटत मागितली असेल. त्यानं बादली उचलली होती.

पुढच्या फेरीची युक्ती त्याचीच. तो म्हणाला, "त्यांस्नी म्हनावं, आधी पोतारून घ्या, मंग आमी येतो. ताज्या भिंतीवर औषद चांगलं बसतं म्हनून सांगा. आन् मंग दिवाळीपतूर मातीला हात लावायचा न्हाई." त्याप्रमाणे मी गावोगाव दवंडी पिटवली. फवारणीनंतर पोतारलं तर पुन्हा फवारायला टोळी येईल, पुन्हा आत येईल, असंही त्यात घालायला लावलं. ते घालायचंही त्यानंच सुचवलं होतं, आणि तेच सगळ्यात जास्त लागू पडलं. मी माझ्या बाजूनं कुणावर विश्वास ठेवला नाही. सांगितलेल्या दिवसाआधीच गावात उगवायचो, नखानं भिंती खरवडत फिरायचो. काही घरांत अजूनही माती सापडायची. पण बहुतेक ठिकाणी नखाला पांढरंच लागायचं. त्या हंगामात डासांची काचेची नळी रिकामी घेऊन मी कितीतरी सकाळी परत आलो. शाळेत ठेवलेल्या तापावरच्या कोयनेलच्या गोळ्या मार्गशीर्षातही संपल्या नव्हत्या. पारावरचे म्हातारबाबा म्हणाले, "मास्तर, औंदा मोजायलाच काय ऱ्हायलं न्हाई. आता तुमी खरंच पिसवांकडं बघा."

त्या फेरीत टोळी आमच्या घरी आली तेव्हा मी मुद्दाम थांबलो होतो. आईवर माझा भरवसा नव्हता. तिनं दवंडीप्रमाणे आदल्या दिवशी पोतारून घेतलं होतं. मुकादम दाराशी आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"साहेब, देव तेवढे तुमी हलवा."

मी देव उचलून बाहेर तुळशीपाशी नेऊन ठेवले. त्यानं आतली भिंत फवारली. वरून खाली, खालून वर, कोपऱ्यासकट. आई परसात तोंड फिरवून उभी होती. निघताना त्याला पाणी द्यायला मी स्वतः तांब्या घेतला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं माझ्याकडं, मग परसाकडं बघितलं आणि तांब्या वर धरून, तोंड न लावता, प्याला. तोंड लावलं असतं तर त्या तांब्याचं पुढं काय झालं असतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

दर रविवारी मी गेलो की आधी भिंत बघायचो. आई म्हणायची, "बघ, बघ. आईच्या घरात चोर हुडक." भिंत पांढरीच होती. तिनं दवंडी पाळली. देव मात्र तिनं आत आणले नाहीत, सोप्यातल्या कोनाड्यात ठेवले. आणि चूल पडवीत मांडली. दिवाळीला भिंत पोतारेपर्यंत तिनं वाऱ्या-धुरात, डोळे चोळत, पडवीतच स्वयंपाक केला. मी काही म्हणालो नाही. डास मरत होते.

एकदा मोशीच्या वाटेवर पंप उतरवून आम्ही बसलो होतो, तेव्हा मुकादमानं विचारलं, "आईची भिंत कशी हाय?"

"तशीच आहे. हात लावलेला नाही."

"आन् चूल?"

हा प्रश्न त्याला कसा सुचला, असं मला वाटलं. मग वाटलं, त्याला न सुचून कसं चालेल?

"पडवीत," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. खात्री करून घ्यायची होती, तेवढी झाली होती. मग उठून पंपाचा पट्टा खांद्यावर घेतला.

"चला," तो म्हणाला. "डासाला काय, चूल कुठंबी चालती."